खंडेनवमीचा गंज

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आमच्या घरात एक लाकडी खोकं आलं. त्या खोक्याने मला जेवढं रडवलं तेवढं माझ्या सासूनेही रडवलं नाही. हे वाचायला ती असती तर तिला वाईट वाटलं असतं. त्या बाबतीत ती फार मेहनती होती.

आमचं घर बेंगळुरात, मल्लेश्वरला. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. देवासमोर मराठी, भाजीवालीशी कन्नड, आणि भांडताना दोन्ही. सासूला सगळं घर अक्का म्हणायचं, म्हणून मीही अक्काच म्हणायची. माझे यजमान दंडात, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, एका इंग्रजी कंपनीत टायपिस्ट होते. तिथला मोठा साहेब देश सोडून विलायतेला निघाला. जाताना त्याने टेबल एकाला दिलं, कुत्रा एकाला दिला, आणि आमच्या यजमानांच्या वाट्याला ते खोकं आलं. कुत्रा मिळाला असता तर माझे बरेच कष्ट वाचले असते.

खोक्यात पुठ्ठ्याच्या चपट्या पेट्या होत्या. एकेका पेटीत मालगाडीचा एकेक डबा, सगळा सुटा करून भरलेला. लाकडाच्या पट्ट्या, छापील पुठ्ठ्याच्या भिंती, शिशासारख्या धातूचे ओतीव आस-दांडे, नखाएवढी चाकं, आणि सोबत इंग्रजीत लिहिलेला एक कागद. तो वाचून ते सगळं जोडायचं, की हुबेहूब मालडबा तयार. मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. या वाघिणी वीतभरसुद्धा नव्हत्या, पण खेळणी नव्हेत हं. खऱ्या वाघिणीचा एक फूट म्हणजे इथे चार मिलिमीटर, त्यात केसभर फरक चालायचा नाही. साहेबलोक मोठे झाले तरी आगगाड्या खेळतात आणि त्याला हिशेब लावून खेळतात, ही मला मिळालेली नवी माहिती.

यजमानांनी पहिली पेटी मोठ्या थाटात उघडली. पाट मांडला, बाह्या सरसावल्या, मला लांब बसायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत भिंती छताला आणि छत त्यांच्या कोपराला चिकटलेलं. मी हसले नाही. तेव्हा मी हसत नसे. हसायला फार उशिरा शिकले.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर मी तो डबा गरम पाण्याच्या वाफेवर धरला, सगळे तुकडे सोडवले आणि पुन्हा जोडला. त्यात काय मोठं? माहेरी दसऱ्याला आम्ही गोंबे मांडायचो, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. त्या बाहुल्यांच्या नथी, वाक्या, कमरपट्टे मणी आणि जर घेऊन मी करायची. बाहुलीच्या नाकात नथ घालणाऱ्या हाताला वाघिणीच्या दाराची कडी काय जड? संध्याकाळी यजमान आले, डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, आणि म्हणाले, "अगं, वाळल्यावर चांगला बसला की!"

आणि मी म्हणाले, "हो, वाळल्यावर बसला."

आज त्या पोरीला भेटता आलं असतं तर तिच्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं असतं. पण तिला वाटायचं, नवऱ्याला लाजवू नये. फार सुशील होती हो ती. इतकी सुशील की बघून कंटाळा यावा.

तर असं सुरू झालं. डबे मी करायची आणि यजमान ते दर रविवारी दंडात घेऊन जायचे. तिथे एका चर्चच्या हॉलात आगगाड्यांच्या नमुन्यांचा क्लब भरायचा. दोन-चार राहिलेले इंग्रज, रेल्वेतले अँग्लो-इंडियन, एखादा पारशी. क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे मालगाडीवर जन्म काढलेले एक निवृत्त गार्ड. लालबुंद चेहऱ्याचे, मोठ्या आवाजाचे गार्डसाहेब. यजमान त्यांच्यात बसायला लागले. ऑफिसात जे लोक त्यांना उभं ठेवून मजकूर सांगायचे, त्यांच्याच जातीचे लोक इथे "या, बसा" म्हणून खुर्ची सरकवायचे. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं! सांगताना तोंड असं उजळायचं की मी पुढची पेटी लगेच उघडायची.

मात्र क्लबात प्रश्न विचारायचे. ब्रेकचा दांडा याच बाजूला का? दाराचा टेकू कसा केला? म्हणून शनिवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की मी यजमानांची परीक्षा घ्यायची.

"रिव्हेट कशा उठवल्या?"

"जाड कागदाला मागून सुई टोचून."

"कसला कागद?"

"पुठ्ठा."

"लग्नपत्रिकेचा. नुसता पुठ्ठा म्हणू नका, फाटतो. आणि सुई बोथट."

"सुई बोथट," ते डोळे मिटून म्हणायचे. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली अक्का म्हणायची, "शाळेत एवढा अभ्यास केला असतास तर साहेब झाला असतास की रे!"

क्लबाचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरायचं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. प्रत्येक नमुन्यापुढे एक पांढरं कार्ड उभं करायचे आणि त्यावर करणाऱ्याचं नाव काळ्या शाईत. पहिल्या वर्षी मी बाकीच्या बायकांबरोबर केक वाटायला गेले होते. तिथे ती कार्डं पाहिली आणि केकची बशी पुढे करायची विसरले. सासरी मला सूनबाई म्हणायचे, यजमान "अगं" म्हणायचे, दंडात मी मिसेस अमके. माझं नाव मी सोडून कुणीच उच्चारत नव्हतं. मला ते एका कार्डावर हवं झालं. बस, एवढंच. हिरे नाही मागितले, काशीयात्रा नाही मागितली. पोस्टकार्डाहून लहान एक चिठोरं.

यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. पण मग काहीतरी वेगळं कर. या विलायती वाघिणी सगळेच करतात. आपली कर."

आपली म्हणजे आमच्या घरामागून जाणारी. मल्लेश्वरच्या स्टेशनातून जाणारा रूळ मीटर गेजचा, अरुंद. त्याच्या वाघिणी लहानखुऱ्या, तांबूस तपकिरी, पोट जरा सुटलेल्या. त्यांची पेटी कुठल्या विलायतेतून मिळणार? विलायती पेटीतलेच तुकडे कापून, तासून, चाकांमधलं अंतर कमी करून ती घडवायला हवी होती. आणि त्याआधी खरी मोजायला हवी होती.

"आणि कार्डावर माझं नाव."

"कार्डावर तुझं नाव. गार्डसाहेबांना मी विचारून ठेवतो."

यशवंतपूरच्या देवळात जातो असं अक्काला सांगून आम्ही दोघं तिथल्या मालधक्क्यावर गेलो. यजमान छत्री घेऊन पहारा करायला उभे. मी शिवणाची टेप काढली आणि बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या एका रिकाम्या वाघिणीची मापं घ्यायला लागले. लांबी, उंची, दार, कडीपासून कोपऱ्यापर्यंत. वाकून खालचे दांडे मोजले तर नऊवारीचा ओचा वंगणाने काळा झाला. एक हमाल येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "एनम्मा, इदक्के अंगी होलीतीरा?" काय हो अम्मा, हिला अंगरखा शिवताय का?

"हौदु," मी म्हटलं, "थंडी वाजते तिला."

यजमान छत्रीमागे तोंड लपवून हसले, आणि घरी येईपर्यंत ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्या दिवशी आम्ही दोघं सुखी होतो. हे लिहून ठेवते, नाहीतर माझं नुसतंच रडगाणं वाटेल.

ती वाघीण करायला पावसाळा गेला. साहेबाच्या खोक्यातल्या गोंदाच्या नळ्या केव्हाच वाळून गेल्या होत्या, म्हणून सुताराकडचा सरस आणून शेगडीवर वितळवायची. रंगाच्या डब्याही संपल्या होत्या. मग गेरू घोटला, त्यात काजळी घातली, डिंकाच्या पाण्यात कालवला, आणि पाच-सहा हात दिले. खरा रंग तोच निघाला. दाराच्या कडीला केसाएवढी तार, ती वरखाली होणारी. दसऱ्याच्या आठवड्यात वाघीण तयार झाली. मी ती कपाटावर ठेवली आणि घरातून येता-जाता तिच्याकडे बघायची, जशा इतर बायका पाळण्याकडे बघतात. बावळट!

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आमच्याकडेच काय, सगळ्या गावात असते. त्या दिवशी बेंगळुरात बसलासुद्धा केळीचे खुंट बांधतात. सकाळी मी नदीवरून आल्यासारखी घामाने ओलीचिंब, पुरणाचा घाट घालून बाहेर येते तो देवघरासमोर सगळं मांडून पूजा झालेली. सायकल, कुऱ्हाड, विळी, अडकित्ता, माझं शिवणयंत्र, माझी कात्री. आणि शिवणयंत्राशेजारी माझी वाघीण.

तिच्या दोन्ही अंगांना गंधाची बोटं ओढलेली. वर हळद, वर कुंकू, वर ओल्या अक्षता. छतावर झेंडू. आणि फुलाने शिंपडलेलं पाणी भिंतींवरून ओघळत होतं. डिंकाचा रंग, सरसाचा जोड. पाणी लागल्यावर दोन्ही काय करतात ते मला पाठ होतं.

"अक्का!"

"का गं किंचाळतेस सणासुदीला?"

"याला का लावलं? हे का लावलं याला?"

"चाकं आहेत ना त्याला?" अक्का शांतपणे म्हणाली. "मग वाहन झालं की नाही ते? वाहन घरात असून आजच्या दिवशी कोरडं ठेवतात होय? आणि शिवणयंत्राशेजारी ठेवलंय बघ. सायकलीशेजारी नाही ठेवलेलं."

त्या शेवटच्या वाक्यात ती मला काहीतरी सांगत होती. पण मी कशाला ऐकते? मी वाघीण उचलून परसात पळाले.

भिंती सुटल्या होत्या, त्या पुन्हा चिकटवता आल्या. रंग मात्र गेला. हळद-कुंकू गेरूतून खाली पुठ्ठ्यात मुरलेलं, रिव्हेटच्या कडांनी, दाराच्या खाचेत, छताच्या वळचणीला. प्रदर्शनाला दोनच दिवस. नव्याने करायला दुसरी पेटीही उरली नव्हती. कापसाने टिपलं, खरवडलं, वर गेरू फासला. खालून पिवळं फुटून आलंच. मी परसातल्या दगडावर बसून ढसाढसा रडले. यजमान दारात येऊन म्हणाले, "सुम्ने, उगाच का रडतेस? कोण बघायला येतंय एवढं बारीक?" आणि आत जाऊन पुरणपोळी खाऊ लागले.

मग डोळे पुसून, दुसरं काही नाही म्हणून धुण्याच्या साबणाचं पाणी बोळ्याने लावलं. आणि हळद लाल झाली. आता हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पातळावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लालभडक होतो, लिंबू लावलं की परत पिवळा. जन्मभर धुणी धुतलेली मी, पण वाघिणीच्या अंगावर ते बघून हातातला बोळा थांबला. तो लाल मालधक्क्यावर पाहिलेला होता. पावसात उभ्या वाघिणीच्या रिव्हेटखालून जो ओघळतो, तो.

मग रडणं राहिलं बाजूला. धुण्याचा सोडा आणला, म्हणजे लाल गडद होऊन तपकिरीकडे झुके. जिथे फार झालं तिथे काडीच्या टोकावर लिंबाचा थेंब. जिथे पाणी साठतं तिथे गडद, वरून ओघळ येतो तिथे फिका. दाराच्या खाली, कडीच्या मागे. संध्याकाळी वाघीण बघितली तर ती दहा पावसाळे यार्डात काढून आल्यासारखी दिसत होती. कोऱ्या वाघिणीपेक्षा खरी.

रविवारी हॉलात गेलो. मी ठेवणीतलं मोरपंखी पातळ नेसले होते, कारण आज माझं नाव लागणार होतं. वाघिणीपुढच्या कार्डावर काळ्या शाईत यजमानांचं नाव होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून मला कोपऱ्यात घेऊन गेले. "नियम आहे त्यांचा," कुजबुजले. "सभासदाचंच नाव लावतात. बायकांना सभासद करत नाहीत. मी विचारलं गार्डसाहेबांना, खूप विचारलं."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"सणाच्या दिवसांत कुठे तुझं मन मोडू?"

आणि मला त्यांची दया आली! खरं सांगते, दया आली. माझ्यासाठी बिचारे साहेबांपुढे तोंड वेंगाडून आले, म्हणून वाईट वाटलं. मी पदर सारखा केला आणि बायकांत जाऊन केकची बशी उचलली.

गार्डसाहेब वाघिणीपाशी आले. चष्मा काढला, वाकले, पुन्हा चष्मा लावला. मग असे ओरडले की हॉल थांबला. "अरे, ही माझीच! हिच्या मागे मी जन्म काढलाय! आणि हा गंज बघा, हा गंज! असा गंज मी आजवर नमुन्यावर बघितला नाही. कसा केलात?"

"रसायनशास्त्र," यजमान म्हणाले. परीक्षेची तयारी नव्हती, पण धडाका दांडगा. मग रिव्हेटबद्दल विचारलं, तेव्हा सुई बोथट, कागद लग्नपत्रिकेचा, सगळं खडान् खडा. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने, फक्त इंग्रजीतून. मी बशी घेऊन उभी, आणि एकही उत्तर चुकलं नाही म्हणून मनात आनंद. मास्तरणीला पोरगा पहिला आल्यावर होतो तसा. त्यांना चांदीचा पेला मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. बशी एका हातात असताना टाळ्या कशा वाजवल्या कोण जाणे, पण वाजवल्या.

खरी गंमत पुढे. गार्डसाहेबांनी फर्मान काढलं की हा गंज कसा करतात ते सगळ्या सभासदांना करून दाखवायचं. यजमानांची गाळण उडाली. महिनाभर मी त्यांना शिकवलं: हळद आधी, सोडा मग, लिंबू सगळ्यात शेवटी, तेही काडीने. हळदीची पुडी, सोड्याची पुडी, लिंबं, सगळं माझ्या पिशवीत. "तू सोबत चल," म्हणाले, "नुसती बस."

नुसती बसले. टेबलाभोवती साहेबलोक पाइप ओढत उभे. यजमानांनी एका जुन्या डब्यावर हळद लावली, छान. मग घाबरून लिंबू पिळलं, आख्खं. मग ते लपवायला वर सोडा ओतला. सगळं फसफसून उतू आलं आणि डब्याचा पिवळाधमक लगदा झाला. पिठलं!  यजमानांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून दिसते. पाण्यात पडलेल्या माणसाची.

मी उठले. दुसरा डबा घेतला, बोटावर हळद, कापसाने सोडा, काडीने लिंबू. मिनिटभराचं काम. दाराखाली गंज ओघळला आणि साहेबलोक "आहा" म्हणाले.

"वा! मॅडम मदतही करतात तर," गार्डसाहेब म्हणाले.

आता हे 'मदत' कानात गेलं आणि काय झालं कुणास ठाऊक. मिशनच्या शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी एकदम जिभेवर आलं. "मी मदत करत नाही," मी म्हणाले. "ती वाघीण मी केली आहे. सगळ्या मीच केल्या आहेत."

 मग गार्डसाहेब हसायला लागले. प्रेमाने हो, अगदी पोट धरून. "ऐकलंत? माझी बायकोही हेच म्हणते! म्हणते, तुझी मालगाडी जन्मभर मीच चालवली!" सगळा हॉल हसला. आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं? आमचे यजमान. हसता हसता डोळ्यांना रुमाल लावला त्यांनी.

पुड्या गोळा करून मी मागच्या खोलीत गेले. तिथे गार्डसाहेबांची बायको कप विसळत होती. मी म्हटलं, तुमच्या क्लबात बायकांना सभासद करून घेत नाहीत, नाहीतर कार्डावर माझंच नाव असतं. ती कप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"कोण म्हणालं करून घेत नाहीत? मी आहे ना सभासद. माझी बहीण आहे. तिने गेल्या साली सिग्नल केला होता, शेंदरी, त्याच्याच कार्डापुढे तू केक ठेवला होतास."

"तुमच्या साहेबांना कुणी विचारलं नव्हतं? माझ्याबद्दल?"

"नाही गं पोरी," ती म्हणाली. "कुणीच नाही."

बसच्या थांब्यावर मी यजमानांना म्हणाले, "नियम नव्हताच."

त्यांनी नाकारलं नाही. एवढं तरी मानायला हवं. रस्त्याकडे बघत म्हणाले, "ते लोक मला खुर्ची देतात. ऑफिसात दहा वर्षांत कुणी दिली नाही. आता त्यांना सांगू, की हे बायकोने केलंय? मग मी तिथे कोण?"

"आणि मी कोण?"

"तू घरची आहेस," ते म्हणाले. आणि बस आली.

त्या दिवसापासून मी वाघिणींना हात लावला नाही. भांडले नाही, रडले नाही. यजमानांनी क्लबातून नवी पेटी समोर आणून ठेवली तर म्हणायची, "मला कुठे येतं? मी नुसती मदत करते." फार धारदार बोलले असं वाटून दिवसभर खूश असायची. मनाचे मांडे असे की आता डबे थांबतील, क्लब विचारेल का थांबले, आणि मग सगळ्यांना आपोआप कळेल. आपोआप! वीस-बावीस वर्षांची बाई आणि जगात काही आपोआप कळतं असं तिला वाटत होतं.

यजमानांनी एकदा स्वतः बसून बघितलं. तीन रविवार त्या पाटावर काढले. "हे दार आतून की बाहेरून?" विचारायचे. मी तांदळातले खडे काढत असायची. मग एका रविवारी ते हात हलवत क्लबात गेले आणि संध्याकाळी चष्मा लावून परत आले. सोनेरी काडीचा, नुसत्या साध्या काचांचा चष्मा.

"डोळे गेले म्हणून सांगितलं," मला म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बारीक कामाने डोळे गेले! क्लबात हळहळ झाली. एवढा मोठा कलावंत, कलेपायी दृष्टी घालवून बसला. डबे मी करत होते तेव्हा कीर्ती होती त्याच्या दुप्पट झाली. ऑफिसात कळलं, तिथेही खुर्ची मिळाली. गल्लीतले लोक मला अडवून विचारायचे, "कसे आहेत डोळे?" आणि मी म्हणायची, "आहेत." कीव माझ्या वाट्यालाही आली, कलावंताची बायको म्हणून.

घरी अक्काने उपाय काढला. डोळ्यांची उष्णता उतरवायला तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची. रोज, दिवेलागणीला. "आणि ते तू करायचंस," मला म्हणाली.

"अक्का, तुम्हाला ठाऊक आहे त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे."

"आणि डबे कोण करत होतं तेही—"

"मला नाही ठाऊक होय? कुणाच्या यंत्राशेजारी पूजलं होतं मी ते?" तिने वाटी माझ्या हातात दिली. "तुझ्या सासऱ्यांचंही खोटं मी असंच निभावून नेलं. लोक बघायला येतात संध्याकाळी. बस खाली."

बसले. तिला कळत होतं आणि तरी तिने वाटी माझ्या हातात दिली, याचा राग मला नवऱ्यापेक्षा जास्त आला. अजून आहे. ती गेली, तेही गेले, राग आहे.

एका संध्याकाळी गार्डसाहेब बायकोला घेऊन समाचाराला आले. यजमान आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर, पाय पाटावर. मी खाली बसून वाटी फिरवत होते. गार्डसाहेबांनी टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्याकडे असं काही भरल्या डोळ्यांनी बघितलं, की जणू चर्चमध्ये आलेत. त्यांची बायको दाराशीच उभी राहिली. ती माझ्या हातांकडे बघत होती. 

"हे काळं काय निघतंय?" गार्डसाहेबांनी वाकून विचारलं.

काशाची वाटी तुपात घासली की तूप काळंच होतं. मी एकदा कुणाचं लक्ष नसताना बशीच्या पाठीवर घासून बघितलं होतं. बशीला कुठे डोळे असतात? तिथेही काळं.

"डोळ्यांतली उष्णता," यजमान क्षीण आवाजात म्हणाले. "उतरतेय हळूहळू."

"अरेरे," गार्डसाहेब म्हणाले. "बघा किती!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्काही. मी मान खाली घातली, आणखी थोडं तूप घेतलं, आणि वाटी गोल, नेटकी, एका लयीत फिरवत राहिले. टाचेपासून बोटांपर्यंत तळवा कुठेही जागा न सुटता सारखा काळा झाला.